मायक्रोग्लिया : मेंदूतले पहारेकरी

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूत कायम वस्तीला असलेल्या रोगप्रतिकारक पेशी. नाव दिले स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी, १९१९ मध्ये. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात. या मात्र गर्भावस्थेतच मेंदूत स्थिरावतात. जपानी मेंदूज्वरात विषाणू चेतापेशींना मारतोच, पण खवळलेल्या मायक्रोग्लियांतून पाझरणारी दाहकारक द्रव्येही त्यांचा बळी घेतात. गुरुग्रामजवळच्या मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटाने हे उंदरांत दाखवले. मिनोसायक्लिन या जुन्या प्रतिजैविकाने दाह आवरल्यावर उंदरांचे मृत्यू घटले. मग या पेशी शत्रूच का? नाही. विषाणू आणि मृत पेशींचा निचराही त्याच करतात. शिवाय लखनौत रुग्णांवर झालेल्या मिनोसायक्लिनच्या चाचणीत मृत्यूंमधली घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही.