चकती एकच, थर अनेक: महागडे सोलर सेल स्वस्त करण्याची युक्ती

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. जळगाव-धुळ्यात शेतावर सौर पंपही आले. या पॅनलमध्ये बहुतेक सिलिकॉन असतं. गॅलियम आर्सेनाइड नावाचा स्फटिक तेवढ्याच उन्हात जास्त वीज देतो, पण तो मुख्यतः उपग्रहांवरच परवडतो. असं का?

स्फटिक म्हणजे शिस्तीत लागलेल्या अणूंच्या रांगा. विटांचा पहिला थर सरळ असला तर भिंत सरळ येते. तसाच हा स्फटिक वाढवायला खाली त्याच जातीची महागडी चकती लागते. अडचण अशी की वाढलेला थर चकतीलाच घट्ट चिकटतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जीहवान किम यांच्या गटाने यावर तोडगा दाखवला. त्यांनी चकतीवर ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा, पसरला. तो इतका पातळ की खालच्या अणूंची ओढ वरपर्यंत पोहोचते. नवा थर त्याच रांगेत वाढतो, पण चिकटून बसत नाही. प्लास्टिकच्या कागदावरचे पापड वाळले की सुटतात, तसा तो अख्खा निघतो. चकती पुन्हा वापरता येते.

मात्र मोठ्या चकतीवर ग्राफीन न फाटता, न सुरकुतता बसवणं अवघड आहे. त्यामुळे असे पॅनल शेतासाठी अजून बाजारात नाहीत. 'ग्राफीनचं पॅनल' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर आधी नीट चौकशी करा. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. पंप घ्यायचा असेल तर या शोधासाठी थांबू नका.