ट्रेक म्हटलं तर ‘नाही’, माहूर म्हटलं तर ‘जाऊन या’!

तुमच्या गच्चीवरून डोंगर दिसतो का? आमच्या पाथरीत दिसत नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं तरी चारी बाजूंना काळं रान आणि उसाचे फड. नदी आहे, तीही गोदावरी. पण मुदगलला काठावर उभं राहिलं की बंधाऱ्याचं पाणी दिसतं आणि पलीकडचा काठ. नदी कुठून आली, कुठं वळली, हे काही कळत नाही. त्यासाठी उंचावर जावं लागतं.

म्हणून यंदा मार्चमध्ये आम्ही चौघी मैत्रिणींनी ट्रेकचा बेत केला. घरी विचारलं. उत्तर तुम्हाला पाठच असेल. “रिकामं डोंगर चढून काय मिळतं गं?” मग एकीनं शक्कल लढवली, “बरं, माहूरला जातो.” रेणुकामातेचं नाव निघालं आणि सगळ्यांचा सूरच बदलला. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ, नाही कोण म्हणणार? परवानगी तर मिळालीच, वर सोबतीला एकीची मावशी आणि डबाभर दशम्या.

पाथरीहून परभणी, नांदेड आणि पुढं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास माहूर. म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही. आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्काम केला आणि उजाडताच निघालो. पायऱ्या चढून देवीचं दर्शन घेतलं, तांबुलाचा प्रसाद तोंडात टाकला आणि मग शेजारच्या डोंगरावरच्या रामगड किल्ल्याकडं वळलो. बहुतेक भाविक इथूनच माघारी फिरतात. तुम्ही फिरू नका.

कारण खरा वसंत पुढं आहे. सागाची पानं झडलेली, पायाखाली नुसता कुरकुर आवाज आणि त्या करड्या रानात पेटल्यासारखा फुललेला पळस. हे सगळं आपल्या मराठवाड्यात आहे, यावर आमचा आधी विश्वासच बसेना.

किल्लाही साधासुधा नाही. गोंड, बहामनी, निजामशाही, मुघल, अशा कितीतरी राजवटी यानं पाहिल्या. बापाविरुद्ध बंड केलेल्या शहाजहाननं इथं आसरा घेतला होता. आणि माहूरच्याच सावित्रीबाई देशमुख, म्हणजे इतिहासातली रायबाघन. १६६१च्या उंबरखिंडीच्या लढाईत त्या मुघल फौजेबरोबर होत्या. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी खिंडीत फौज कोंडली तेव्हा कारतलबखानाला शरण जायचा शहाणा सल्ला त्यांनीच दिला. आमचं आख्खं बालपण गडकिल्ल्यांच्या गोष्टी ऐकण्यात गेलं. पण ही बाई आपल्या भागातली, हे आम्हाला तटावर बसून मोबाईलवर वाचल्यावर कळलं.

आणि तटावरून दिसली पैनगंगा. माहूरच्या डोंगराला तीन बाजूंनी वळसा घालून जाणारी. अलीकडं मराठवाडा, पलीकडं विदर्भ. पोस्टरवर असते तशी निळीशार मात्र नव्हती. मार्चमधली नदी ती. मध्येच वाळू, मध्येच चकाकणारा डोह, परत वाळू. वर इसापूरचं धरण आहे, म्हणजे उन्हाळ्यात खाली किती पाणी येणार ते तिथल्या दारांवर. काठावरून हे जाणवत नाही. वरून बघितलं की नदी एकदम आख्खी समजते: तिची वळणं, तिची तहान, तिच्यावर टेकून असलेली रानं.

मावशी बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, “ही पुढं कुठं जाते गं?” आम्ही नकाशा उघडला. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला. “म्हणजे शेवटी आपल्याच गंगेला की!” मावशींनी तिथूनच हात जोडले. आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात ना.

उतरताना एक उतार काळाठिक्कर दिसला. वणवा. याच दिवसांत मोहाची फुलं गळतात. ती वेचायला सोपं जावं म्हणून काही ठिकाणी पालापाचोळा पेटवतात. कधी कुणाची विडी पुरते. पाचोळा इतका वाळलेला असतो की आग आवरत नाही. त्या काळ्या उतारावर आपल्यासारख्यांनीच टाकलेल्या बाटल्या वितळून पडल्या होत्या. आमचे फोटो काढणं तिथं थांबलं. रिकाम्या बाटल्या आम्ही पिशवीत भरून खाली आणल्या. फार मोठं काही केलं नाही, पण तेवढं जमतं.

जाणार असाल तर फाल्गुनातच जा, पळस तेव्हाच असतो. दहाच्या आत किल्ला उरका. आम्ही रेंगाळलो आणि साडेअकराला एकीला चक्कर आली. माणशी एक लिटर पाणी नेलं होतं, ते पुरलं नाही. तुम्ही तीन लिटर न्या, डोक्याला रुमाल बांधा, गटानं राहा. पडक्या तटावर चढून सेल्फी नको. आणि काडीपेटी खालीच ठेवा.

घरी काय सांगायचं, ते तुम्हाला आता माहीत आहेच!