लाइन सुटता सुटेना!

इंटरनेट आणि फोन एकाच तारेवर नांदत होते, ते दिवस आठवतात ना मैत्रिणींनो? एक चालू असला की दुसरा बंद! 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट खुलं केलं. काही वर्षांत ते पनवेलच्या दिवाणखान्यांतही आलं, आणि सोबत एक नवा जाच. काम आटोपलं, पडद्यावरची चौकट मिटली, तरी लाइन काही सुटायची नाही.

लोकल चुकली म्हणून यजमान व्हीटीहून फोन लावताहेत आणि घरचा फोन एंगेज! माहेरी कुणी आजारी असलं तर जीव नुसता टांगणीला. त्यात बिल. 2000 च्या सुमाराला साधा स्थानिक कॉल तीन मिनिटांना एक असा मोजला जाई, म्हणजे तासाला वीस.

खरं तर चौकट मिटणं आणि फोन ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी. फोन लावला मोडेमने, तेव्हा ठेवायचाही त्यानेच. घड्याळाशेजारच्या दोन छोट्या कॉम्प्युटरांच्या चित्रावर टिचकी मारून 'डिस्कनेक्ट' म्हणावं लागे. कधी एखादा प्रोग्रॅम मध्येच अडकून बसे आणि ते बटणही दाद देत नसे. मग रिसीव्हर उचलावा, तर कानात नुसती खरखर!

अशा वेळी हमखास उपाय एकच, मोडेमची तार भिंतीतून सरळ उपसायची. त्याने यंत्र बिघडत नसे. (पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की ती काढलेलीच बरी, नाहीतर मोडेम जळायचा.) मिनिटभराने तार लावली की डायल टोन हजर. लाइन आपोआप पुन्हा लागली, तर टपाल तपासणारा प्रोग्रॅम गुपचूप फोन फिरवतोय असं समजायचं. काही लबाड प्रोग्रॅम तर चक्क परदेशी नंबर लावत. त्यांच्यासाठी आयएसडीला कुलूप हवंच.

मोडेम गेले, पण हा घोळ अजून आहे बरं का! फोनवरून ॲप काढून टाकलं तरी दरमहा पैसे कापले जातातच. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे'ची यादी असते. ती उघडून नको असलेली परवानगी तिथेच रद्द करायची.