शेजाऱ्याचा कुत्रा अंगावर येतो तेव्हा

शेजाऱ्याचा कुत्रा मोकळा सुटतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर धावून जातो आणि मुलांना एकटे दाराबाहेर पाठवणे कठीण होते. तक्रार केली की ‘अजून कोणाला चावला तर नाही ना?’ असे उत्तर मिळते. कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. कुत्रा चावेपर्यंत थांबण्याचे बंधन कोणावरही नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ यासंबंधी आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र असल्याने पोलीस थेट नोंद करू शकतात. येथे आरोपी कुत्रा नसून त्याचा मालक असतो.

अशी तरतूद केवळ कागदावर राहिलेली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईतील वरळीच्या एका इमारतीत एक गृहस्थ दीड वर्षांच्या मुलासह लिफ्टमध्ये होते. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, थोडे थांबा, अशी विनंती त्यांनी केली. तरीही शेजाऱ्याने आपला हस्की जातीचा कुत्रा आत ओढून आणला आणि तो त्या गृहस्थांच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. या खटल्यात लिफ्टमधील सीसीटीव्ही चित्रण महत्त्वाचा पुरावा ठरले.

मध्य प्रदेशातील बालाघाटच्या गल्लीत किंवा गोव्यातील एखाद्या वाड्यावर असे चित्रण सहसा मिळत नाही. कायदा दोन्हीकडे एकच आहे. पुरावा मात्र तक्रारदारालाच जमवावा लागतो. कुत्रा अंगावर आल्याची तारीख, वेळ व साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत, शक्य तेव्हा मोबाइलवर चित्रण करावे. पहिल्यांदा मालकाशी शांतपणे बोलावे. फरक न पडल्यास लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. धोक्याची कल्पना देऊनही मालकाने काही केले नाही, हे त्यातून सिद्ध होते. पुढची पायरी म्हणजे पालिका वा पंचायत आणि पोलीस ठाणे.

आणखी एक मार्ग फारसा परिचित नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी धोकादायक प्राण्याला बंदिस्त ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. मालकाला बाजू मांडण्याची संधी मिळते. बालाघाटमध्ये असा अर्ज हिंदीत एसडीएम कार्यालयात, तर गोव्यात उपजिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो.

संतापाच्या भरात कुत्र्याला विष घालणे किंवा जखमी करणे मात्र तक्रारदारालाच आरोपी बनवते. संहितेच्या कलम ३२५ नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, म्हणजे निष्काळजी मालकाला होऊ शकणाऱ्या कारावासाच्या दहापट.

कुत्रा चावलाच, तर तक्रारीआधी उपचार. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी; हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचीही गरज असते. पाळीव कुत्र्याला लस दिली आहे, या मालकाच्या शब्दावर विसंबून उपचार टाळू नयेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत. तक्रारीसोबत तेच पहिला पुरावा ठरतात.