विंचू, सिंह आणि माळशेजचा घाट

मुरबाड तालुक्यातला रस्ता सरळगाव, टोकावडे मागे टाकत माळशेज घाटाला भिडतो आणि शहापूर तालुक्यातला महामार्ग कसारा घाटाला. मुंबईहून केवळ गाडी चालवण्याच्या आनंदासाठी निघालेली माणसं याच दोन वाटा धरतात. उतारावर ब्रेक किती वेळ साथ देतात, ओल्या वळणावर स्टिअरिंग हाताशी किती इमानाने बोलतं, पावसाळ्यात उखडलेल्या डांबरावर सस्पेन्शन काय करतं, हे इथे लपत नाही. एकेकाळी लोकांनी जीव लावलेला वेगवान गाड्यांचा ब्रँड पुन्हा कसा उभा राहील, याचा विचार मला इथूनच करावासा वाटतो. कारण या परीक्षेत उतरलेली एक गाडी महाराष्ट्रातच बनली होती, आणि तरीही ती टिकली नाही.

ती गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. कार्लो अबार्थ यांनी १९४९ साली इटलीत आपली कंपनी काढली आणि आपल्या वृश्चिक राशीवरून विंचू हे तिचं चिन्ह ठेवलं. साध्या, लहान फियाट गाड्या घेऊन त्या शर्यतीत पळवायच्या, हे या कंपनीचं काम. १९७१ मध्ये फियाटने ती विकत घेतली. पुढे नाव जवळजवळ विझलं आणि २००७ मध्ये पुन्हा पेटवण्यात आलं. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या अबार्थ पुंटोत १.४ लिटरचं टर्बो इंजिन होतं, ताकद १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दहा लाखांच्या जरा आत. त्या पैशांत इतकी जोरकस गाडी तेव्हा दुसरी नव्हती. मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात अस्सल वेग आणणारं हे रांजणगावचं काम होतं आणि त्याचं मोल आपल्याकडे पुरेसं झालं नाही, असं मी मानतो. पण बीएस-६ चे प्रदूषण-नियम येण्याआधीच फियाटने इथली गाड्यांची विक्री थांबवली.

मग दोष यंत्रात होता का? याचा निवाडा करणारा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं धावत होता. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीने परवाना घेऊन स्विफ्ट आणि डिझायरला बसवलं, टाटांनी आपल्या व्हिस्टाला बसवलं. इतक्या गाड्यांत ते गेलं की त्याला देशाचं इंजिन म्हटलं जाऊ लागलं. मूळ इंजिन तेच. स्विफ्टमध्ये ते लाखांनी खपलं, फियाटच्याच पुंटोत मात्र गिऱ्हाईक बिचकलं. फरक बॉनेटच्या आत नव्हता. मारुतीचा क्लच किंवा सस्पेन्शनचा बुश तालुक्याच्या गावी मिळायचा आणि मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला असायचा. फियाटची विक्री आणि सर्व्हिस आधी टाटांच्या दुकानांतून चाले. २०१२ साली ती सोयरीक मोडली आणि कंपनीला स्वतःचं जाळं नव्याने विणावं लागलं. गिऱ्हाईक विकत घेतं ती गाडी आणि तिची पुढची दहा वर्षं. त्या दहा वर्षांची हमी नसेल तर ब्रेक कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

मुरबाड-शहापूरच्याच जिल्ह्यात याहून जुना दाखला आहे. सिंहाचं चिन्ह मिरवणाऱ्या प्यूजोने नव्वदच्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात ३०९ गाडी बनवली. युरोपात २०५ जीटीआय या वेगवान गाडीने नाव कमावलेली, १९८५ आणि १९८६ मध्ये रॅलीचं जगज्जेतेपद मिळवलेली ही कंपनी. कल्याणात काही वर्षांतच बेबनाव झाला, संप झाला, प्यूजोने पाय काढून घेतला, आणि ज्यांनी गाडी घेतली होती ते सुट्या भागांसाठी वणवण करत राहिले. फियाट आणि प्यूजो २०२१ पासून स्टेलांटिस या एकाच समूहात आहेत. या समूहाने जून २०२५ मध्ये ल मान्सच्या शर्यतीच्या वेळी २८० अश्वशक्तीची ई-२०८ जीटीआय दाखवली. जुनी अक्षरं नव्या बॅटरीवर! मला याचा आनंद आहे, पण तीन अक्षरांनी तुटलेला विश्वास सांधला जात नाही.

कुणी म्हणेल, वेग तर आता सगळ्यांकडेच आहे. हा आक्षेप खरा आणि महत्त्वाचा. महिंद्राची चाकणला बनणारी इलेक्ट्रिक बीई ६ शून्यावरून शंभरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, अबार्थ पुंटोला जवळजवळ नऊ लागत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो आणि कसारा घाट बोगद्यातून टाळतो. समृद्धीवरची ताशी १२० ची मर्यादा साधी कुटुंबाची गाडीही सहज गाठते. म्हणूनच मी म्हणतो की सरळ रेषेतल्या आकड्यांवर नाव परत मिळवण्याचा काळ संपला. उरलं ते वळण, वजन, ब्रेक, स्टिअरिंगची जाणीव. तिथे अबार्थ आणि जीटीआयकडे अजून सांगण्यासारखं आहे, फक्त इलेक्ट्रिक गाडी जड होते हे त्यांना सोडवावं लागेल.

दुसरा आक्षेप: मुरबाड-शहापूरचा माणूस बोलेरो किंवा अर्टिगा घेतो, त्याचा अशा गाडीशी काय संबंध? शिवाय थोड्या गाड्यांसाठी गावोगाव सर्व्हिस उभारणं कुणाला परवडेल? फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ५३ लाखांची गोल्फ जीटीआय आयात केली आणि पहिल्या दीडशे गाड्या झटपट गेल्या. ओढ शिल्लक आहे, हे त्यातून दिसतं. पण दीडशे श्रीमंतांच्या ओढीवर ब्रँड जगत नाही. परवडण्याचं उत्तर अबार्थच्या जुन्या रीतीतच आहे. वेगवान गाडी कुटुंबाच्या साध्या गाडीवरच बेतायची, बहुतेक सुटे भाग दोघींत एकच ठेवायचे. मग टोकावड्याला बंद पडलेल्या गाडीसाठी वेगळं दुकान लागत नाही, बोलेरोवाल्याच्याच गावातला मिस्त्री पुरतो, त्याला फक्त शिकवावं लागतं. रांजणगावचा कारखाना चालू आहे, तिथे जीप बनते. नव्या गाडीचा पडदा उघडण्याआधी स्टेलांटिसने सुट्या भागांची किंमतसूची जाहीर करावी, दहा वर्षं ते भाग देण्याचं लेखी वचन द्यावं, आणि त्यात आज रस्त्यावर असलेल्या फियाटच्या जुन्या पुंटो आणि लिनियाही धराव्यात.