लीडरबोर्ड लावला म्हणजे खेळ झाला?

कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग खेळाच्या पद्धतीने द्यायचं ठरलं, की अनेक ठिकाणी साधारण एकच गोष्ट घडते. जुनंच स्लाइडचं मॉड्यूल घेतात, मधूनमधून पॉइंट देतात, शेवटी एक बॅज ठेवतात आणि विभागातल्या सगळ्यांची नावं लीडरबोर्डवर लावतात. लोक पूर्वीसारखेच ‘नेक्स्ट’ दाबत राहतात. मग वर्षभरात निष्कर्ष निघतो, की गेमिफिकेशनचा काही उपयोग नाही. खरं तर तिथे खेळ आलेलाच नसतो. खेळताना माणसाला अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो, त्याचा परिणाम लगेच भोगावा लागतो आणि फसलं तर नव्याने मांडता येतं. शिकणं होतं ते यातून. पॉइंट हा नुसता हिशेब.

खेळातून शिकवणं ही संगणकाच्या पिढीची फॅशन आहे, हाही असाच एक समज. १९४२ साली ब्रिटिश नौदलाने लिव्हरपूलमध्ये एक प्रशिक्षण केंद्र उघडलं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजांचे ताफे बुडवत होत्या आणि त्यांचा हल्ला नेमका कसा होतो, हे कुणाला नीट उमगत नव्हतं. क्षयरोगामुळे नौदलातून निवृत्त व्हावं लागलेले गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्याकडे हे काम आलं. सोबतीला नौदलाच्या महिला दलातल्या तरुणी होत्या. त्यांनी जमिनीवरच समुद्र आखला आणि त्यावर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती हलवायला सुरुवात केली. युद्धनौकांचे अधिकारी कॅनव्हासच्या पडद्याआड बसत. बारीक फटीतून त्यांना तेवढंच दिसे, जेवढं रात्रीच्या समुद्रात खऱ्या जहाजावरून दिसलं असतं. पाणबुडीचा मार्ग खडूने अशा रंगात काढत, की फटीतून तो ओळखू येऊ नये. प्रत्येक चालीला ठरावीक वेळ. डाव संपला की पडदे बाजूला सारायचे, सगळ्यांनी जमिनीवरच्या रेषा बघायच्या आणि कुठे काय चुकलं याची चर्चा करायची.

या खेळातूनच लक्षात आलं, की पाणबुड्या ताफ्याच्या आत शिरून हल्ला करत आहेत. त्यावर ‘रास्पबेरी’ नावाचा डावपेच तयार झाला आणि तो प्रत्यक्ष समुद्रात वापरला गेला. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडी कप्तान. त्यांनी इथे पाणबुडीची बाजू घेऊन खेळून पाहिलं आणि जॅनेट ओकेल या तरुणीने त्यांना पुन्हा पुन्हा हरवलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या जमिनीवर शिकून गेले. पडद्यावरची फट, चालीची वेळमर्यादा आणि शेवटची चर्चा, यांतलं एकही काढलं असतं तर उरली असती फक्त जहाजांची मांडामांड. आजच्या कोणत्याही चांगल्या सिम्युलेशनमध्ये या तीन गोष्टी शोधाव्यात. संगणकाचा नंबर त्यानंतरचा.

मग डिजिटल खेळाने नवीन काय दिलं? माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘लेव्हल’. वर्गातलं ट्रेनिंग तासांत मोजतात. दोन दिवस बसलात, सही केलीत, झालात प्रशिक्षित. व्हिडिओ गेममध्ये असं चालत नाही. पहिली पातळी जमेपर्यंत दुसरी उघडत नाही, मग त्याला दहा मिनिटं लागोत की दहा दिवस. येल विद्यापीठात शल्यचिकित्सेच्या १६ निवासी डॉक्टरांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेमकं हेच केलं होतं. निम्म्या डॉक्टरांनी आभासी वास्तवाच्या सिम्युलेटरवर सराव केला. किती तास, हे ठरलेलं नव्हतं. अनुभवी सर्जनच्या पातळीला हात पोहोचेपर्यंत सराव, एवढीच अट होती. नंतर खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीतून पित्ताशय काढताना सरावाच्या गटाला २९ टक्के कमी वेळ लागला. पित्ताशयाला इजा होणं किंवा शेजारचा भाग भाजणं, ही शक्यता सराव न केलेल्या गटात पाचपट होती. विमानाच्या किंवा रेल्वे इंजिनाच्या चालकांना सिम्युलेटरवर बसवतात तेही याच कारणाने. तिथे केलेल्या चुकीने कुणाचा जीव जात नाही, म्हणून ती चूक मुद्दाम करायला लावता येते.

खेळ जितका मजेदार तितकं शिकणं जास्त, हा समज विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. ट्रेसी सिट्झमन यांनी २०११ मध्ये सिम्युलेशन खेळांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. त्यात ६,४७६ प्रशिक्षणार्थी होते. खेळातून शिकलेल्यांचा आत्मविश्वास तुलनेच्या गटापेक्षा २० टक्के जास्त निघाला, कृतीचं ज्ञान १४ टक्के, माहिती ११ टक्के आणि लक्षात राहणं ९ टक्के. आकडे चांगले आहेत, पण जादूचे नाहीत. खेळात मनोरंजन किती, याने शिकण्यात फरक पडला नव्हता. फरक पडला तो शिकणारा स्वतः किती हातपाय हलवतो, हवं तितक्या वेळा खेळता येतं का आणि खेळाला इतर शिकवण्याची जोड आहे का, यांनी. तुलनेच्या गटालाही कामाला लावणारं शिक्षण मिळालं, तेव्हा तर खेळच मागे पडला. म्हणजे ‘गेम आणला, आता ट्रेनर नको’ हा हिशेबही चुकीचा. डाव संपल्यावर काय घडलं ते उलगडून सांगणारा माणूस लागतोच.

सोपं वाटलं म्हणजे समजलं, ही फसगत तर शाळेपासूनची. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने ते पुन्हा पुन्हा वाचले. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर तीनदा आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांचा गट पुढे होता आणि आपल्या लक्षात राहील असा भरवसाही त्यांनाच जास्त होता. आठवड्याने तपासलं तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. ट्रेनिंग संपल्या संपल्या भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवर म्हणूनच फार विसंबू नये.

सर्वांत जास्त नुकसान मात्र स्पर्धेबद्दलच्या गैरसमजाने होतं. नावं क्रमाने लावली की माणसं जोमाने शिकतात, असं मानतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडच्या हॉटेलांमध्ये कपडे धुणाऱ्या कामगारांचा वेग मोठ्या पडद्यावर नावानिशी दाखवला जाई. २०११ साली ही बातमी आली, तेव्हा कामगार त्या पडद्याला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ म्हणत होते. खेळाचं रूप दिलं तरी ती पाळतच होती. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हॅनस आणि फॉक्स यांनी एकच विषय दोन वर्गांना शिकवताना एका वर्गात बॅज आणि लीडरबोर्ड ठेवले. १६ आठवड्यांनी त्याच वर्गाची आवड आणि समाधान कमी झालेलं दिसलं, परीक्षेतले गुणही कमी. मॉलिक आणि रॉथबार्ड यांनी एका कंपनीच्या विक्री विभागात खेळ लावून पाहिला. ज्यांना तो मनापासून मान्य होता त्यांना काम जास्त आवडू लागलं. ज्यांच्यावर तो लादल्यासारखा झाला, त्यांचा मूड उलट बिघडला. सराव-खेळातले गुण अप्रेझलला जोडले, की कोणी अवघड चाल खेळत नाही. चुकायची मुभा काढून घेतल्यावर सरावाला अर्थच उरत नाही.

आपल्याकडे ‘मिशन कर्मयोगी’ला २०२० मध्ये मंजुरी मिळाली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना कर्मा पॉइंटही आले. अभ्यासक्रम पूर्ण केल्याची नोंद म्हणून ते ठीक आहेत. पण समजा, तलाठ्याच्या टेबलावर वारसनोंदीचा अर्ज आलाय, त्यात एका बहिणीचं नाव गाळलंय, गावातून तोंडी हरकत आली आहे आणि अर्जदार समोरच्या खुर्चीत बसलाय. आता काय कराल? असा प्रसंग समोर ठेवून, प्रत्येक उत्तराचा पुढचा परिणाम दाखवला, तर तो खरा खेळ होईल. त्याला ग्राफिक्सची गरज नाही. असे प्रसंग ज्यांनी हाताळलेत, अशा अनुभवी माणसांना लिहायला बसवावं लागेल.

खर्चाची भीतीही म्हणूनच अवास्तव आहे. एमआयटीत १९६० च्या सुमारास तयार झालेला ‘बिअर गेम’ आजही व्यवस्थापनाच्या वर्गात खेळतात, तोही अनेकदा कागदी पट आणि सोंगट्या घेऊन. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे द्यायची. काही फेऱ्यांत टंचाई होते, सगळे घाबरून मोठ्या ऑर्डरी टाकतात आणि मग माल गळ्याशी येतो. शेवटी खेळाडूंना विचारतात, ग्राहकांची मागणी कशी असेल असं वाटतं? बहुतेक जण वरखाली जाणारी मोठी लाट काढतात. प्रत्यक्षात ग्राहक आठवड्याला चार खोकी मागत होते, ती एकदाच आठ झाली आणि पुढे आठच राहिली. बाकीचा सगळा गोंधळ खेळाडूंनी स्वतःच्या ऑर्डरींनी घातलेला असतो, आणि तो त्यांच्याच हाताने भरलेल्या तक्त्यात समोर असतो.