व्यसनमुक्तीची सभा : शोधावी कशी, जावे कसे?

दारू सोडणे आणि दारूवाचून वर्षानुवर्षे राहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी काही दिवसांचे औषधोपचार बहुधा पुरतात. दुसरीसाठी दीर्घकाळ आधार लागतो. हा आधार देण्यात, त्याच वाटेने चालून आलेल्या माणसांच्या सभेचा वाटा मोठा आहे. ‘अशी सभा असते तरी कुठे, आणि आम्ही तिथे जाऊन काय करायचे?’ असे अनेक वृद्ध मातापिता दवाखान्यात हलक्या आवाजात विचारतात. त्यांच्यासाठी, तसेच निवृत्तीनंतर वा जोडीदाराच्या वियोगानंतर ज्यांचे स्वतःचेच पिणे वाढले आहे अशा ज्येष्ठांसाठीही, हा लेख आहे.

सभा म्हणजे काय?

१९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात बिल विल्सन हे शेअरदलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघेही मद्यपाशात सापडलेले. समदुःखी माणसाशी मोकळेपणाने बोलल्यास पिण्याची ओढ आवरता येते, या अनुभवातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’ ही चळवळ उभी राहिली. आज भारतातही तिचे गट चालतात. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात, या पद्धतीच्या सुनियोजित कार्यक्रमांनी दारूपासून पूर्ण दूर राहण्यास इतर मान्य उपचारांपेक्षा अधिक मदत होते, असे आढळले.

सभा साधारण तास-दीड तासाची असते. सदस्य केवळ पहिले नाव सांगतात आणि आपला अनुभव मांडतात. शुल्क नसते, स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीवर खर्च भागतो. बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही. सदस्यत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. ‘खुल्या’ सभेत कुटुंबीयांनाही बसता येते. ‘बंद’ सभा केवळ व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांची असते.

शोध कुठे घ्यावा?

शासनाच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. मनाची घालमेल असह्य झाली असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. शासकीय रुग्णालयाचा मनोविकार विभाग, जवळचे व्यसनमुक्ती केंद्र, तसेच पुण्याच्या मुक्तांगणसारखी १९८६पासून कार्य करणारी संस्था, यांच्याकडेही गटांची चौकशी करता येते. सभेची जागा चर्चचे सभागृह किंवा शाळेचा वर्गही असू शकते. चर्चमध्ये सभा आहे म्हणून धर्माविषयी शंका घेऊ नये. एए कोणत्याही धर्मपंथाशी बांधलेली नाही.

पत्ता मिळाल्यावर दूरध्वनीवरून पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

• सभा कोणत्या भाषेत चालते? मराठी, हिंदी की इंग्रजी?
• खुली आहे की बंद?
• दिवस, वेळ व जागा तीच आहे ना?
• जिना चढावा लागतो का? रात्री परतण्यास वाहन मिळते का?
• पहिल्या दिवशी एखादा जुना सदस्य सोबत येईल का?

घराबाहेर पडणे अशक्य असल्यास ऑनलाइन सभेची चौकशी करावी. पहिली सभा मनास भावली नाही तर निराश होऊ नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. पाच-सहा सभांना जाऊन मग मत ठरवावे. ‘ओळखीचे कोणी दिसले तर?’ हा संकोच स्वाभाविक आहे; पण ती व्यक्तीही त्याच कारणासाठी आलेली असते, आणि सभेतील गोष्ट सभेबाहेर न नेण्याचा तिथे दंडक आहे.

आधी वैद्यकीय सल्ला

रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये. हातांचा कंप, घाम, निद्रानाश ही लक्षणे काही तासांतच सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भ्रमिष्टावस्थाही येते. उतारवयात यात जिवाचा धोका असतो. फिट आल्यास, भास होऊ लागल्यास वा बोलणे असंबद्ध झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. सभा ही औषधोपचारांना पूरक आहे, त्यांचा पर्याय नव्हे. मधुमेह, रक्तदाब वा झोपेच्या गोळ्या चालू असल्यास तेही डॉक्टरांना न लपवता सांगावे. मात्र जेवणात वा चहात गुपचूप ‘दारू सोडवण्याचे औषध’ कधीही मिसळू नये. त्यातील काही औषधांवर दारू घेतल्यास प्रकृती गंभीर होते, आणि उरलासुरला विश्वासही जातो.

तो येत नसेल तर?

‘मुलगा तयारच नाही, मग आम्ही जाऊन काय उपयोग?’ असे आपण म्हणाल. व्यसनी व्यक्तीच्या आप्तांसाठी १९५१पासून ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र चळवळ आहे. हे व्यसन आपल्यामुळे लागलेले नाही, त्यावर आपला ताबा चालत नाही आणि ते बरे करणे आपल्या हाती नाही, ही तिची मूळ शिकवण. याचा अर्थ मुलाला टाकून देणे नव्हे. त्याची उधारी फेडणे, कार्यालयात त्याच्यासाठी खोटी कारणे सांगणे, रात्रभर दाराशी जागणे हे थांबवून स्वतःचे जेवण, झोप आणि औषधे सांभाळणे, एवढेच तिथे शिकायचे असते. घरातील वागणूक अशी बदलली की काही वेळा तोही मदत घेण्यास तयार होतो. न झाला, तरी आपले उरलेले आयुष्य सावरते.

तेव्हा त्याच्या होकाराची वाट पाहत बसू नये. तो येईल तेव्हा येईल. आपण मात्र या आठवड्यातच एक दूरध्वनी करावा.